एका माणसाची मोटार



आज मी आपल्याशी मोटारींच्या शर्यतीविषयी बोलणार आहे. आता तुम्ही म्हणाल, ह्या मास्तरांना पाऊसपाणी, बी-बियाणे, शाळेची गळती हे विषय सोडून ही श्रीमंतांची थेरं कुठून सुचली? आक्षेप मला मान्य आहे. वर्षापूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

मी राहतो तुळिंजला, नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला. एके काळचे हे भातशेतीचे गाव आज वसई-विरार महानगरपालिकेत आहे. खाचरांच्या जागी चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. स्टेशनपासून निघणारा तुळिंज रस्ता रिक्षांनी इतका गच्च भरलेला असतो, की तेथे वेगाची गोष्ट काढणे ही थट्टाच व्हावी. परंतु पूर्वेकडे पेल्हार फाट्याला गेलात, की मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो, आणि तेथे वेगाची थट्टा राहत नाही.

आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाची भूमितीची वही तपासताना मागच्या पानावर मला एक चित्र दिसले. टप नसलेली मोटार, चारी चाके अंगाबाहेर, मध्ये एकच माणूस. मी विचारले, "हे काय रे?" तो म्हणाला, "सर, एका माणसाची मोटार. फॉर्म्युला फोर. पंधरा वर्षं पुरी झाली की चालवता येते. मला चौदा झालीत."

वडील रिक्षा चालवतात. एरवी मी कान पिळला असता. पण दोन वर्षांपूर्वी आमचाच एक माजी विद्यार्थी महामार्गावर पैजेने मोटारसायकल पळवताना पडला. जीव वाचला, पण गुडघा आजही वाकत नाही. त्यालाही वेगाचे वेड होते आणि त्यालाही आम्ही फक्त "पळवू नकोस" एवढेच सांगितले होते. म्हणून ह्या मुलाला उत्तर देण्यापूर्वी आपण जरा माहिती करून घ्यावी, असे मी ठरवले.

तर पहिली गोष्ट. ह्या धाकट्या मोटारींची कल्पना आजची नव्हे. इटलीतील काउंट जोव्हानी लुरानी यांनी ती मांडली आणि १९५८ मध्ये 'फॉर्म्युला ज्युनियर' ह्या नावाने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. विचार सरळ होता. मोठ्या शर्यतीच्या मोटारी राजेरजवाड्यांच्या खिशाला परवडणाऱ्या. मग नवशिक्याने शिकावे कशावर? म्हणून नियम केला, की इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारीचेच घ्यायचे. ११०० सीसीचे इंजिन असेल तर मोटारीचे वजन निदान ४०० किलो हवे, १००० सीसीचे असेल तर ३६० किलो. इटलीत बहुतेकांनी कोणते इंजिन घेतले असेल? फियाट ११०० चे! मुंबईकरांनो, ही फियाट म्हणजे आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची थेट पूर्वज. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे, पुढे तिलाच प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. जिच्या मागच्या बाकावर आपण ट्रंका घेऊन दाटीवाटीने बसलो, तिच्याच घराण्यातले इंजिन तिकडे शर्यती जिंकत होते. ह्या धाकट्या शर्यतींतून पुढे आलेला स्कॉटलंडचा जिम क्लार्क हा मूळचा शेतकरी. १९६३ आणि १९६५ साली तो जगज्जेता झाला. फॉर्म्युला ज्युनियर मात्र १९६३ नंतर बंद पडली, कारण स्वस्त म्हणून सुरू झालेली ती शर्यत हळूहळू महाग होत गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या देशात ही खटपट केली कोईमतूरच्या करिवर्धन ह्या गृहस्थांनी. मारुती ८०० चे इंजिन घेऊन त्यांनी एका माणसाची मोटार बांधली, तीच 'फॉर्म्युला मारुती'. तिच्यावर हात बसवलेला एक मुलगा म्हणजे नारायण कार्तिकेयन. १९९४ मध्ये तो इंग्लंडातील फॉर्म्युला फोर्डचा हिवाळी हंगाम जिंकला, १९९६ मध्ये फॉर्म्युला एशिया, आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ मध्येच विमान अपघातात गेले. कोईमतूरचा शर्यतीचा मार्ग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आता हंगाम म्हणजे काय, ते सांगतो. शेतकरी बांधवांना हे मी काय समजवावे! एका पावसाने हंगाम साधत नाही. बैलगाड्याच्या शर्यतीत त्या दिवशी घाट मारला की गुलाल तुमचा. उद्याच्या घाटाशी त्याचा संबंध नाही. मोटारींच्या अजिंक्यपदाचे तसे नसते. हंगामात अनेक फेऱ्या, वेगवेगळ्या गावी, प्रत्येक फेरीत दोन-तीन शर्यती. पहिला आला त्याला २५ गुण, मग १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि दहाव्याला १. गाडी आपटली, बंद पडली, की भोपळा. शेवटी सगळ्यांची बेरीज. म्हणजे ही वार्षिक परीक्षा नव्हे, घटक चाचण्यांचा एकत्र निकाल म्हणा ना.

शिवाय मोटारी सर्वांच्या सारख्या. भारतातील फॉर्म्युला फोरमध्ये फ्रान्समधील मिगाल कंपनीची एकच मोटार सगळ्यांना दिली जाते, टायरही तेच. वजन करायचे ते चालकासकट, म्हणजे काटकुळ्या मुलाला फुकटचा फायदा नको. सरळ पट्टीवर ती ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाते. चालकाच्या डोक्याभोवती धातूची मजबूत कमान, अंगात लवकर पेट न घेणारा पोशाख, खांद्यांवर, कमरेला व मांड्यांमधून आवळलेले पट्टे. आणि मार्गाच्या कडेला ठिकठिकाणी निशाणे घेऊन माणसे उभी. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे, कोणी कोणाला मागे टाकायचे नाही. टाकलेत तर शिक्षा. लाल दिसले की शर्यत थांबली. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट दे. दिल्लीजवळच्या बुद्ध मार्गावर २०११ मध्ये भारतातील पहिल्या फॉर्म्युला वनच्या सरावात एक भटके कुत्रे आत शिरले, तर जगातल्या सर्वांत महागड्या मोटारी त्या कुत्र्यासाठी थांबवल्या गेल्या. आमच्या महामार्गावर कुत्र्यासाठी कोण थांबतो, ते तुम्ही पाहताच.

ह्या फॉर्म्युला फोरचा भारतातील पहिला हंगाम २०२३ मध्ये झाला. त्यातच चेन्नई शहराच्या रस्त्यांवर रात्री शर्यत व्हायची होती, पण डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आले आणि ती राहिली. मग २०२४ चा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरात संपला. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग, कोईमतूरचा कारी मार्ग, आणि मध्ये ती राहिलेली शहरातली शर्यत. आयलंड ग्राउंडभोवतीचा साडेतीन किलोमीटरचा फेरा, दिव्यांच्या लखलखाटात. शनिवारी पावसाने घोळ घातला, रस्त्याची तपासणी रखडली. लोक ताटकळले, पण तपासणी पुरी झाल्याशिवाय मुलांना सोडले नाही. शर्यती झाल्या रविवारी, १ सप्टेंबरला. मला त्या शर्यतीपेक्षा तो थांबलेला शनिवार अधिक आवडला.

आणि अजिंक्यपद? २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. हंगाम आपला, माती आपली, आणि चषक पाहुण्यांचा. आमच्या विद्यार्थ्याला हे फार लागले. "आपली मुलं हळू चालवतात का, सर?" हळू चालवत नाहीत. पण ही विद्या आठव्या-नवव्या वर्षी कार्ट नावाच्या छोट्या गाडीवर सुरू होते, आणि जितके तास चाकामागे तितकी ती मुरते. हे तास पैशाने मिळतात.

मुलाचे वडील एके दिवशी शाळेत आले. रिक्षा दाराशी लावून आत येऊन उभेच राहिले. "सर, तुम्हीच समजवा त्याला. रिक्षाचा हप्ता अजून फिटायचाय. किती लागतात हो ह्या खेळाला?" मी म्हटले, एका हंगामाला लाखांनी मोजावे लागतात. ते हसले. राग नव्हता त्यात. म्हणाले, "मग बरं. हजारात असतं तर मला झोप लागली नसती."

श्रोतेहो, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

महाराष्ट्रातून ह्या वाटेने कोणी गेलेच नाही, असे नाही. मुंबईचा जेहान दारूवाला २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या हंगामात तिसरा आला आणि डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीर मार्गावर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय झाला. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीमध्ये धावले. कोल्हापूरजवळच मोहित्यांच्या अकादमीचा कार्टचा मार्ग आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झाल्या आहेत. आणि शिक्षक भगिनींनो, पुण्याच्या डायना पुंडोले, दोन मुलांची आई आणि पूर्वीच्या शिक्षिका, यांनी २०२४ मध्ये टपाच्या मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळवले. पण ही नावे मोजायला हाताची बोटे पुरतात, आणि त्यांत रिक्षावाल्याचा मुलगा मला सापडला नाही. फॉर्म्युला ज्युनियर ज्या दुखण्याने गेली, तेच हे दुखणे. गरिबाला परवडावे म्हणून काढलेली शर्यत गरिबाच्या हातून निसटते, ह्याचा दोष मुलाच्या अंगच्या गुणाला देऊ नये, इतकेच माझे म्हणणे.

दुसरे एक दार मात्र मला उघडे दिसले. अभियांत्रिकीची मुले स्वतः एका माणसाची मोटार बांधतात आणि 'फॉर्म्युला भारत' ह्या स्पर्धेत ती उतरवतात. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचा संघ आहे, पवईच्या आयआयटीचा आहे. पवईची मुले तर विजेवर चालणारी मोटार बनवतात. तेथे चालकाइतकेच मोल वेल्डिंग करणाऱ्याला, हिशेब ठेवणाऱ्याला, ब्रेकचे गणित सोडवणाऱ्याला आहे. भूमितीच्या वहीतून तिकडे जायला वाट आहे. लांबची आहे, पण आहे. हे मी त्या दोघांना सांगितले. वडिलांनी मान हलवली. मुलाने विचारले, "तोपर्यंत काय करायचं?"

तोपर्यंत आम्ही हे केले. गॅरेजमधून जुनी बेअरिंगे मागून आणली, फळी ठोकली, सुतळीचे सुकाणू लावले आणि बेअरिंगची गाडी केली. एकच गाडी, सर्वांना तीच. शाळेच्या पटांगणात पाच रविवार, सहा मुले, डोक्याला हेल्मेट सक्तीचे. दोघांनी ठरलेल्या रेषेपर्यंत ढकलायचे, मग सोडून द्यायचे, वेळ मोबाइलवर. गुण वर सांगितले तेच. निशाणांसाठी हळदी रंगाचा टॉवेल आणि लाल रुमाल. आमचा चित्रकार तीन रविवार पहिला आला आणि दोन रविवार वळणावर उलटला. आठवीतली एक मुलगी एकदाही पहिली आली नाही; चारदा दुसरी, एकदा तिसरी.

गुरुजन हो, ही बेरीज तुमच्या वर्गात जरूर घाला. तिचे ८७ झाले, ह्याचे ७५.

त्याने रीतसर लेखी तक्रार केली, की ती वजनाला हलकी आहे, ढकलणाऱ्यांना सोपे जाते. खऱ्या शर्यतीत वजन चालकासकट धरतात. तक्रार नियमाला धरून होती, म्हणून मान्य करावी लागली. पण झालेला निकाल बदलायचा नाही, असे ठरले. पुढचा हंगाम दिवाळीनंतर आहे. तिच्यासाठी दोन विटा बाजूला काढून ठेवल्या आहेत, आणि त्या फळीच्या पुढे बांधायच्या की मागे, ह्यावर सध्या दोघांचा वाद चालू आहे.