कॅमेऱ्याची चाळिशी



पाऊस स्थिरावला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आरेच्या रस्त्यांकडेला, मुलुंडच्या डोंगरउतारावर पानापानाखाली कुणी ना कुणी बसलेलं सापडतं. या फुलपाखरांचे, कोळ्यांचे फोटो काढावेसे वाटतात, पण खास मॅक्रो लेन्स प्रत्येकाला परवडतेच असं नाही. मग आपल्याजवळच्या लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचं क्लोज-अप भिंग घेतलं जातं. ते नीट निवडलं तर फार गुणाचं आहे.

चाळिशीचा चष्मा घरोघरी असतो. हे भिंग म्हणजे कॅमेऱ्याची चाळिशीच, आणि त्याचा नंबरही चष्म्यासारखाच डायॉप्टरमध्ये. एक मीटरला नंबराने भागायचं. कॅमेऱ्याची लेन्स अनंतावर ठेवली, तर अधिक दोनच्या भिंगातून अर्ध्या मीटरवरचं स्पष्ट दिसतं, अधिक चारमधून २५ सेंटिमीटरवरचं आणि अधिक दहामधून अवघ्या १० सेंटिमीटरवरचं.

मी पहिल्यांदा चार भिंगांचा स्वस्त संच घेतला आणि त्यातलं सर्वांत जाड, अधिक दहाचं भिंग लावून आरेत गेलो. १० सेंटिमीटरवर जाईपर्यंत फुलपाखरू काही थांबेना, आणि एखादं थांबलंच तर माझीच सावली त्याच्यावर. जे थोडे फोटो मिळाले त्यांत मधला भाग बरा, कडा विरघळलेल्या, पंखांच्या काठाला जांभळी झालर. हात हलला असेल असं मी किती तरी दिवस समजत होतो. पण एकाच काचेचं भिंग सगळ्या रंगांचे किरण एका जागी आणू शकत नाही, आणि नंबर वाढेल तसा हा दोष अधिक दिसतो.

यावर उपाय आहे अक्रोमॅट. त्यात दोन वेगळ्या जातींच्या काचा जोडलेल्या असतात आणि एकीची चूक दुसरी बरीचशी सावरून घेते. कॅननचं ५००डी हे असं भिंग. त्यातले ५०० म्हणजे मिलिमीटर, म्हणून नंबर अधिक दोन. रेनॉक्सचं डीसीआर-१५० अधिक पाचच्या जरा अलीकडचं, तर डीसीआर-२५० अधिक आठचं. चार स्वस्त भिंगांऐवजी असं एकच घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

ते लांब झूमवर लावावं. २०० मिलिमीटरच्या लेन्सवर अधिक चारचं भिंग लावलं, तर सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या ०.८ पट होते. तेच भिंग ५० मिलिमीटरच्या लेन्सवर लावलं तर ०.२ पट. अंतर दोन्ही वेळा २५ सेंटिमीटरच. शिवाय कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये उजेड घटतो तसा इथे घटत नाही; पावसाळी झाडीत ही मोठी सोय आहे.

नंबर किती हवा, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरवावं. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन पंख पसरून पंजाएवढं होतं. त्याला अधिक एक किंवा दोन पुष्कळ झालं. ठाण्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं. तो जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याचे भाऊबंद घाटकोपर-अंधेरीच्या सोसायट्यांच्या भिंतींवरही भेटतात. त्यांचे पुढचे दोन टपोरे डोळे टिपायचे, तर अधिक चार ते आठ लागेल. तेव्हा स्पष्टतेची पट्टी मिलिमीटरभरच उरते. अॅपर्चर एफ ८ ते ११ ठेवा, फोकस डोळ्यांवर बांधा आणि रिंग फिरवत बसण्याऐवजी स्वतःच किंचित पुढेमागे झुका.

फोर्टात बोरा बाजारात भिंग घ्यायला जाल, तेव्हा आपली लेन्स बरोबर न्या. तिच्या तोंडाचा व्यास झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. खिशात वर्तमानपत्राचा एक तुकडाही असू द्या. तो दुकानाच्या काउंटरवर सपाट पसरा, एफ ८ वर एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून मधली नव्हे, कोपऱ्यातली अक्षरं पाहा. काळ्या अक्षरांना जांभळी-हिरवी कड दिसली, तर भिंग परत द्या.