पार्सल अंतराळात

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान. दिवाळी अंकासाठी थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीने मला 'अंतराळविज्ञान' असा भारदस्त विषय दिला होता. तो मी परस्पर छोटा करून घेतला आहे. चंद्र आणि मंगळ यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे पार्सलबद्दल.

"तुम्ही डिसेंबरात पुण्याला जाताय ना? एक छोटीशी पिशवी न्याल का हो?" हा फोन न आलेला माणूस या हॉलमध्ये सापडायचा नाही. तेवीस किलोच्या बॅगेत दोन किलोंची जागा उरली की ती कुणाच्या तरी व्हिटॅमिनच्या बाटल्यांनी भरते. त्या बाटल्यांसाठी कुणी वेगळं विमान करत नाही. लहान उपग्रहांचं २०१२ पासून असंच चाललं आहे. स्पेस स्टेशनवरच्या अंतराळवीरांसाठी जेवण, कपडे, सुटे भाग घेऊन जी मालवाहू यानं जातात, त्यांतच ही पिशवी सरकवून द्यायची.

आधी आकार सांगतो. आपल्या मुलांनी एकेकाळी वेड्यासारख्या जमवलेल्या बीनी बेबीज आठवतात? १९९९ साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज विद्यार्थ्यांसाठी उपग्रहाचं एक ठरावीक माप शोधत होते, आणि ते त्यांना सुचलं बीनी बेबीच्या प्लॅस्टिकच्या डबीवरून. कॅल पॉलीचे जॉर्डी प्विग-स्वारी आणि ट्विग्ज या दोघांनी मिळून माप पक्कं केलं : लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहा सेंटिमीटर, वजन साधारण एक किलो. नाव ठेवलं क्यूबसॅट. आपल्या फराळाच्या डब्यांत हा आरामात मावेल. मोठा हवा असेल तर असे तीन किंवा सहा ठोकळे जोडायचे. मापं ठरलेली, त्यामुळे पेटी एकदाच बनवायची आणि आत कुणाचाही उपग्रह ठेवायचा.

आता कुणी म्हणेल, रॉकेट जातंच आहे तर त्यालाच बांधून का नाही पाठवत? पाठवतात की! पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा एक किलोचा 'स्वयम्‌' २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने गेला तो तसाच. पण रॉकेटला घट्ट बोल्ट करून ठेवलेल्या वस्तूला भयंकर हादरे बसतात. स्टेशनच्या सामानातला उपग्रह फोमच्या गादीत, कापडी बॅगेत गुंडाळून जातो. शिवाय मालवाहू यानाला वर्षातून अनेक फेऱ्या कराव्याच लागतात. वर माणसं जेवायची थांबलेली असतात!

पहिला प्रयोग जपानने केला. जुलै २०१२ मध्ये त्यांच्या मालवाहू यानातून पाच क्यूबसॅट वर गेले आणि ४ ऑक्टोबरला स्टेशनच्या 'किबो' या जपानी दालनातून बाहेर सोडले गेले. तेव्हा स्टेशनची कमांडर कोण होती ठाऊक आहे? आपली सुनीता विल्यम्स! सोबत जपानचे अकिहिको होशिदे. त्या पाचांपैकी फिटसॅट नावाच्या एकाने चक्क दिवे लुकलुकवून मोर्स कोडमध्ये आकाशातून निरोप दिला. व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांचा एफ-१ हाही त्यांतच होता. त्याचा आवाज मात्र कधीच ऐकू आला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच मुद्द्यावर येणार आहे.

सोडतात कसा, ते बघण्यासारखं आहे. किबोला एक छोटं एअरलॉक आहे, आपल्या थंडीतल्या घरांना दोन दारं असतात तसं. अंतराळवीर उपग्रहांची पेटी त्याच्या सरकत्या फळीवर बसवतो, आतलं दार लावतो, हवा काढून घेतो, मग बाहेरचं दार उघडतं. यांत्रिक हात पेटी उचलतो आणि स्टेशनच्या मागच्या बाजूला, खाली तिरपी धरतो. आज्ञा मिळाली की झाकण उघडतं आणि आतली स्प्रिंग उपग्रहाला हलकेच ढकलते. वेग किती? आपण संध्याकाळी फिरायला जातो तेवढाच! म्हणजे जमिनीच्या हिशेबात दोघेही सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर धावतायत, पण एकमेकांच्या हिशेबात चालण्याच्या गतीने दूर होतायत.

इथे एक गंमत आहे, मुलांनी नीट ऐका. मागे ढकललेला उपग्रह शेवटी पुढे निघून जातो! मागे ढकलल्यामुळे त्याचा वेग जरासा कमी होतो, म्हणून तो थोडा खाली उतरतो. खालची कक्षा लहान, तिथली फेरी लवकर संपते, म्हणून तो स्टेशनच्या पुढे जातो. स्टेशनवर येऊन आदळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. (सप्टेंबर २०१४ मध्ये दोन उपग्रह कुणी आज्ञा न देताच पेटीतून निसटले होते. उतावीळ मंडळी सगळीकडेच असतात.) बाहेर पडल्यावर निदान अर्धा तास गप्प बसायचं, रेडिओ सुरू करायचा नाही, अँटेना उघडायची नाही, हा नियम. बऱ्याच विद्यार्थ्यांच्या उपग्रहांची अँटेना म्हणजे सुताराच्या स्टीलच्या मापपट्टीचा तुकडा. ती दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची. वेळ झाली की एक तार तापते, दोरा वितळतो आणि पट्टी टणकन्‌ सरळ होते.

मी निवृत्त झाल्यापासून इथल्या एका कॉलेजच्या मुलांना अशा एका उपग्रहाच्या कामात मदत करत होतो. माझ्याकडे बॅटरीचं खातं. माणसं राहतात तिथून हे पार्सल जाणार, त्यामुळे सुरक्षेची तपासणी कस्टम्सपेक्षा कडक. प्रत्येक सेल आधी वजन करायचा, हादरवायचा, निर्वात पेटीत ठेवायचा, पुन्हा वजन करायचा. वाटेत चुकून चालू होऊ नये म्हणून तीन स्वतंत्र कुलुपं. एकदा पेटीत घातला की हात लावायचा नाही, आणि नंतर महिनोन्‌महिने वाट पाहायची. पाठवणी झाल्यावर लेकीचा फोन येईपर्यंत आईबापांचं होतं तसं होतं.

आणि पार्सल वाटेतच गेलं तर? २०१४ साली लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला होतं. पाचच दिवसांनी, २८ तारखेला संध्याकाळी, आपल्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या वॉलॉप्स बेटावरून उडालेलं अँटारेस रॉकेट काही सेकंदांत खाली कोसळलं. सोव्हिएत काळात बनलेली इंजिनं दुरुस्त करून वापरली होती, त्यांतल्या एकाचा पंप फुटला. त्यात प्लॅनेट लॅब्जचे पृथ्वीचे फोटो काढणारे २६ 'डव्ह' उपग्रह होते, शाळकरी मुलांचे १८ प्रयोग होते. पुढच्या एप्रिलमध्ये रशियाचं मालवाहू यान गेलं, २८ जून २०१५ ला स्पेसएक्सचं गेलं, त्यात आणखी ८ डव्ह. आठ महिन्यांत तीन अपघात! पण गंमत पाहा, प्लॅनेटने जानेवारी २०१५ च्या फेरीतच दोन नवे डव्ह पाठवले होते. उपग्रह लहान आणि स्वस्त असला की असं करता येतं. पंधरा वर्षं खपून बनवलेला एकुलता एक महागडा उपग्रह गेला तर डोक्याला हात लावून बसावं लागतं.

या वाटेने कोणकोण गेलं पाहा. केनिया, घाना, मंगोलिया, बांगलादेश, भूतान यांचे पहिले उपग्रह किबोतून सुटले. नेपाळचा पहिला आणि श्रीलंकेचा पहिला एप्रिल २०१९ मध्ये एकाच यानातून गेले, तेही याच वॉलॉप्सहून. लंकेच्या उपग्रहाचं नाव काय असावं? रावण! पुष्पक विमानाची पुढची आवृत्ती म्हणायची. यांतले बरेचसे जपानच्या क्यूशू तंत्रविद्यापीठात त्या त्या देशांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बनवले. आणि आपल्या मराठी माणसांना जवळचा म्हणजे मॉरिशसचा मीर-सॅट-१. संयुक्त राष्ट्रं आणि जपान यांच्या योजनेतून मॉरिशसला ही जागा मिळाली. जून २०२१ च्या सुरुवातीला फ्लॉरिडाहून निघाला, २२ जूनला सुटला. तेव्हाही स्टेशनवर होशिदेच होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांच्याही देशाचा हा पहिला उपग्रह, एका फराळाच्या डब्याएवढा.

आता मुख्य प्रश्न. आमच्या गटाचा उपग्रह सुटल्यावर दोन दिवस शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी परदेशातल्या एका हौशी रेडिओवाल्याने बारा सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं, तेव्हा पोरं नाचली. पुढे चार महिने तो बोलला आणि मग गप्प झाला. त्यानंतर एका आईने मला विचारलं, "काका, चार वर्षं घालवली पोरीने. तो चार महिने चालला, आणि नाही तरी वर्ष-दीड वर्षात जळूनच जाणार होता ना?"

प्रश्न रास्त आहे. स्टेशन चारशे किलोमीटरवर आहे, तिथे विरळ का होईना हवा असते, ती उपग्रहाला ओढून खाली आणते. मी तर म्हणतो, हा या वाटेचा गुण आहे. उंचावर सोडलेला मेलेला उपग्रह वर्षानुवर्षं कचरा म्हणून फिरत राहतो. आणि थोड्या काळातही काम होतं. २०१७ मध्ये याच वाटेने गेलेल्या ब्रीफकेसएवढ्या 'अ‍ॅस्टेरिया'ने दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकताना टिपला.

जळणं मला खुपत नाही. खुपतं ते पहिल्यापासूनचं मौन, त्या एफ-१ सारखं. विद्यापीठांच्या पहिल्या प्रयत्नांत हे फार वेळा होतं. याचं कारण बहुतेक वेळा रॉकेट नसतं. प्रत्येक भाग टेबलावर वेगळा चालतो, पण सगळे जोडून, पूर्ण उपग्रह म्हणून, दिवसरात्र कुणी चालवूनच पाहिलेला नसतो. दुसरं म्हणजे ग्रॅज्युएशन! सीनियर मुलं जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या डोक्यातलं सगळं जातं. वाट सोपी झाली, त्यामुळे तारीख आधी मिळते आणि तपासणीचे महिने खाल्ले जातात. त्या आईला मी हेच म्हटलं, की चार वर्षं द्यावीत का याला माझं सरसकट 'हो' नाही. मुलगी अशा गटात जाणार असेल तर तिला दोन गोष्टी विचारायला सांगा. आधीच्यांनी वह्या लिहून ठेवल्यात का? आणि अख्खा उपग्रह मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून त्याच्याशी कुणी बोलून पाहिलंय का?

नासाची २०१० पासून एक योजना आहे. निवड झाली तर शाळा-कॉलेजांच्या उपग्रहांना वर न्यायचा खर्च नासा करते, बनवायचा आपण. त्याआधी घरबसल्या नुसतं ऐकायचं असेल तर लायसन्ससुद्धा लागत नाही. बोलायचं असेल तर पहिली परीक्षा ३५ प्रश्नांची, २६ बरोबर आले की झालं, वयाची अट नाही.

मापपट्टीची एक अँटेना मी गाडीत आणली आहे. चहा घेऊन झाला की पार्किंग लॉटमध्ये या, दाखवतो. मुलांना जॅकेट घाला, बाहेर वारा आहे.