ताटातली गाभोळी आणि नदीतला हिलसा

इअरफोन लावलेत ना? आज माशाबद्दल बोलूया. खाण्याबद्दल थोडं, मोजण्याबद्दल जास्त.

माझा रूममेट कोलकात्याचा. गेल्या पावसाळ्यात त्याने हिलसा आणला, आपल्याकडे ज्याला पाला म्हणतात तो. पोटात भरगच्च गाभोळी. मी खूश! तो म्हणाला, "अंडी घालायलाच समुद्रातून नदीत आली असणार रे ही." एका मादीत लाखो अंडी असतात. घास जरा अडकलाच. (काटाही असेल, या माशात काटे फार.)

मग डोक्यात आलं, नदीत मासे किती उरलेत हे कळतं कसं? पाण्यात उतरून कोण मोजणार? तर अभ्यासक महिनोन्‌महिने धक्क्यावर पट्टी घेऊन बसतात आणि आलेल्या माशांची लांबी मोजतात. त्यावरून मासे किती वेगाने वाढतात, किती वेगाने मरतात याचा अंदाज बांधतात. मग बघायचं, मेलेल्यांपैकी जाळ्यात किती गेले. शंभरातले पन्नासहून जास्त जाळ्यात, तर मासेमारी अति होतेय. नियम ढोबळ आहे, पण कामाचा. मोठे मासे दिसेनासे झाले तरी समजायचं, काहीतरी बिनसलंय.

बांगलादेशाने हे मनावर घेतलं. २५ सेंटीमीटरपेक्षा लहान हिलसा म्हणजे 'जाटका'. नोव्हेंबर ते जून तो धरायला बंदी. ऑक्टोबरच्या सुमारास अंडी घालायच्या दिवसांत २२ दिवस सगळीच बंदी. उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे २ लाख टन होतं, ते २०१७-१८ मध्ये ५ लाखांवर गेलं.

टाळ्या? थांबा जरा. जास्त पकडले म्हणजे जास्त उरले असं नाही. होड्या वाढल्या, जाळी वाढली, लोक खोल समुद्रात गेले, तरी आकडा फुगतोच. आणि बंदीत कोळ्यांच्या घरी सरकारी तांदूळ येतो खरा, पण 'दादन' म्हणजे आडत्याकडून घेतलेली उचल तांदळाने फिटत नाही. मग रात्री कुणीतरी जाळं टाकतोच. मला त्याला दोष देववत नाही.

आपल्या बाजूला तर वेगळंच. १९७५ ला फरक्का बराज सुरू झाला. त्याआधी हिलसा गंगेतून पार अलाहाबादपर्यंत जायचा. तिथे नुसती जाळी आवरून काय होणार? वाटच अडली.

परवा बाजारात मावशींना म्हटलं, "गाभोळी नसलेला द्या." त्या हसल्या, "अरे बाळा, गाभोळीसाठीच तर गिऱ्हाईक येतं!"