पावती कुणाच्या नावावर?
(वढू बुद्रुक येथील भाषण)

रात्री नगर रोडला उभे राहा. सणसवाडी-रांजणगावचा माल घेऊन पळणारा टेम्पोवाला सकाळपासून किती तास स्टेअरिंगवर आहे, विचारा. 1946 साली मजूरमंत्री बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आणवला. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं ड्रायव्हरलाही दिवसाचे 8 तास लिहून दिले. पण त्यात अट पाच कामगारांची होती. दोन टेम्पोंचा शेठ सुटला. आपली पोरं नेमकी त्याच्याकडंच!

तासांना मर्यादा हवीच. पण पैसे खेपेवर ठेवून तास बांधाल, तर पोरगं उपाशी राहील, वर दंडही तेच भरेल. आधी पक्का पगार ठरवा. आणि पावती 'रात्रीच पोचव' म्हणणाऱ्याच्या नावानं फाडा.