गाडी स्वतःपुरतीच का?

(महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी मोटार वाहन कायद्यातल्या एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द साधा आहे, 'केवळ'. पण त्यापायी आपल्यातल्या काहीजणींची भाकरी अडते.

1988 च्या कायद्यात अपंग व्यक्तीच्या गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटलं होतं. नावातच अपमान! ही गाडी केवळ त्या व्यक्तीनं किंवा तिच्यासाठी वापरायची, अशी व्याख्या. 2019 च्या दुरुस्तीत ते नाव गेलं, 'अडॅप्टेड व्हेइकल' आलं, तयार गाडीत परवानगीनं फेरफार करायची सोय झाली. चांगलं झालं. पण 'केवळ' तसाच राहिला. म्हणजे बाई, दवाखान्यात जा, माहेरी जा. फेरफार केलेल्या गाडीत माल भरून, कसारा घाट चढून नाशिकला जाशील आणि भाडं कमावशील, हे कायदा करणाऱ्यांच्या मनातच आलं नाही. अपंग माणूस प्रवास करतो, पण काम करत नाही, असंच त्यांनी धरलं. (सरकार आता 'दिव्यांग' म्हणतं. शब्द गोड झाला, एवढंच.)

डोंबिवलीच्या आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचा डावा पाय पोलिओनं अधू आहे. तिला लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचाय. भिवंडीची गोदामं हाकेच्या अंतरावर, घरात भावाचा टेम्पो, त्यामुळे हा धंदा तिला आतून माहीत आहे. आता बघा, चालकाचा डावा पाय करतो काय? क्लच दाबतो. आणि क्लचचं पेडल नसलेले ट्रक आज बाजारात आहेत. तरी ती चौकशीला गेली तेव्हा खिडकीतल्या माणसानं तिच्याकडे न बघता भावाला सांगितलं, "ताईंना शिलाई मशीन घेऊन द्या." अहो, पायमशीनला तर दोन्ही पाय लागतात!

बाई ट्रक चालवू शकते का, हा प्रश्न तर कधीच निकालात निघालाय. नंदुरबारच्या योगिता रघुवंशी वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलांसाठी त्या ट्रकवर चढल्या आणि राज्याराज्यांतून माल नेऊ लागल्या. केरळच्या जिलुमोल थॉमस यांना दोन्ही हात नाहीत. त्या पायांनी कार चालवतात, 2023 मध्ये त्यांना लायसन्स मिळालं. पण कारचं. अमेरिकेत हात किंवा पाय गमावलेल्या चालकाची प्रत्यक्ष ट्रकवर परीक्षा घेऊन त्याला राज्याबाहेर माल नेण्याचं प्रमाणपत्र देतात. 2013 पासून कर्णबधिर चालकांनाही तिथं सवलत मिळू लागली. तिथंही सगळं गोड नाही, पण निदान 'चालवून दाखव' असं म्हणतात. आपल्याकडे बघूनच निकाल.

बाकी अडचणी सगळ्याच बायांच्या आहेत. रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा नाही, धाब्यावर संडास नाही, असला तर कुबडी घेऊन आत वळता येत नाही. केबिनची पायरी कमरेइतकी उंच. 2025 मध्ये नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. मग पायरी खाली आणा म्हणायला काय हरकत आहे? 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम 41 मध्ये तर वाहनांत फेरफार करण्यासाठी योजना आखण्याचं सरकारवर बंधन आहे.

आता कामाचं. हेवी लायसन्ससाठी वीस वर्षं पूर्ण हवीत, आधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स हवं, शिवाय डॉक्टरचा दाखला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे सुरुवात टेम्पोपासून करता येईल. आणि कलम 17 पाठ करा. लायसन्स नाकारलं तर कारणं लेखी द्यावी लागतात, त्यावर तीस दिवसांत अपील करता येतं. म्हणून तोंडी नकार ऐकून परतायचं नाही. अर्ज आत द्यायचा, पोच घ्यायची.

आमची मैत्रीण सोमवारी शिकाऊ लायसन्सचा अर्ज घेऊन पुन्हा जाणार आहे. या वेळी भाऊ नको म्हणते. सोबत यायला दोघीजणी हव्यात, बैठक संपल्यावर नावं द्या.