बसने आणि फेरीबोटीने : मुलांसह पणजी व जुने गोवे
(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुटीच्या दिवशी मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न बहुतेक घरांत पडतो. माझी सूचना साधी आहे. त्यांना आपली पणजी दाखवा, जुने गोवे दाखवा, मात्र घरची गाडी त्या दिवशी घरीच ठेवा.

ही सूचना करण्यास कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातील शंभरपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे मोटारगाडी आहे. हे प्रमाण देशातील सर्व राज्यांत अधिक आहे. दुचाकी तर त्याहून किती तरी घरांत आहे. या सुबत्तेचा आनंद मानावा. परंतु तिच्यामुळे असे झाले आहे की तेरा-चौदा वर्षांच्या पुष्कळ मुलांना बसमध्ये कोठून चढावे, तिकीट कोणाकडे मागावे, उतरण्यापूर्वी काय सांगावे, हे ठाऊक नसते. पुढे उच्च माध्यमिक विद्यालयात जाण्याची वेळ आली म्हणजे वडिलांनी रोज पोहोचवावे, नाही तर परवान्याचे वय होण्यापूर्वीच मुलाच्या हाती दुचाकी द्यावी, असे दोनच मार्ग घरच्यांना सुचतात. दुसऱ्या मार्गाचे परिणाम आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आणि घरातील आजी? मुलाला सवड असेल तरच तिचे देवदर्शन होते.

असो. आता प्रवासाकडे वळू.

आरंभ पाटो येथील कदंब बसस्थानकावरून करावा. तिकिटाचे पैसे मुलाच्या हाती द्यावेत, सुटे द्यावेत आणि वाहकाशी बोलणे त्यालाच करू द्यावे. बसमध्ये चढण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य विचारावी, ती म्हणजे गाडी रायबंदरमार्गे जाते काय? फोंड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बाहेरच्या वळणरस्त्याने जातात आणि या सहलीतील अर्धी गंमत त्या रस्त्याला नाही. रायबंदरची गाडी मिळाल्यास डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे. मांडवी त्या बाजूस आहे.

पणजी सोडताच बस ज्या लांब बांधावरून धावू लागते तो व्हायसरॉय लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ मध्ये, बांधला गेला. तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा दगडी मार्ग दलदलीतून व मिठागरांतून नेलेला आहे. आजही उजवीकडे खाजनाची सखल जमीन आणि खारफुटी दिसते. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये एके काळी केवढा चिखल होता, हे पुस्तक न उघडता येथे समजते. गाडी चालविणाऱ्या वडिलांना हे दाखविता येत नाही. त्यांची नजर रस्त्यावर असते. बसमध्ये मात्र आईवडील दोघेही मोकळे असतात.

जुन्या गोव्यात सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. येथील चर्च व मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि ते सारे एका दिवसात पाहिले तर मुलांच्या स्मरणात एकही राहत नाही. बॉम जीझस बॅसिलिका पाहावी, से कॅथेड्रल बाहेरून पाहावे आणि उतारावरून पायी नदीकडे चालू लागावे. वाटेत व्हायसरॉयची कमान लागते. नवा व्हायसरॉय नदीमार्गाने येई आणि या कमानीतून नगरात प्रवेश करी. आपण त्याच वाटेने उलट दिशेस, धक्क्याकडे जातो.

या धक्क्यावरून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट मिळते. ती नदी परिवहन खात्याची आहे आणि पायी प्रवाशास भाडे पडत नाही. चार माणसांच्या कुटुंबाला इतक्या स्वस्तात जलप्रवास दुसरीकडे क्वचितच घडेल. बोट मध्यावर आली म्हणजे मुलांना मागे वळून पाहावयास सांगावे. झाडांतून वर आलेले कळस दिसतात, आणि हे नगर नदीकडे तोंड करून का वसले होते ते उमगते. रोगराईने ते ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हायसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलविले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. सकाळी ज्या बांधावरून आपण आलो त्याच दिशेने राजधानी खाली सरकत गेली, एवढे मुलांच्या ध्यानात आले तरी पुरे.

दिवाडीवर उतरल्यावर सप्तकोटेश्वराची कथा सांगावी. कदंब राजांच्या या कुलदैवताचे मूळ मंदिर याच बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेण्यात आले आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. सकाळच्या बसस्थानकाला व १९८० मध्ये स्थापन झालेल्या वाहतूक महामंडळाला नाव मिळाले ते याच कदंबांचे. मुलांना हा धागा फार आवडतो. लहान मुले बरोबर असल्यास ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र जाऊ नये. त्या दिवशी बेटावर बोंदेराम असतो आणि बोटीत पाय ठेवण्यास जागा नसते.

परतीचा प्रवास सूर्यास्तापूर्वी करावा. येथे मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. संध्याकाळनंतर आपल्याकडील बसगाड्या फार विरळ होतात, आणि पुष्कळ थांब्यांवर वेळापत्रकाचा फलकही नसतो. हौसेने निघालेले कुटुंब एकदा पाऊण तास उन्हात उभे राहिले की पुन्हा बसचे नाव काढत नाही. बसची पायरीही वृद्धांना उंच पडते. नागरिकांनी बसने जावे असे आपण म्हणतो, तेव्हा फलक, सावली आणि रात्रीची शेवटची गाडी यांची तजवीज करण्याचे उत्तरदायित्व शासकीय यंत्रणेवर येते. ही सूचना मी संबंधितांकडेही केलेली आहे. तोपर्यंत टोपी, पाण्याची बाटली आणि सहनशीलता घरूनच न्यावी लागेल.

पणजीस पोहोचल्यावर वेळ उरला तर बेतीची फेरीबोट घ्यावी. मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला. त्यानंतर काही काळ दोन्ही तीरांवरील लोकांची भिस्त या बोटींवरच होती. आज शेजारी शेजारी उभे असलेले पूल पाहताना हे मुलांना खरे वाटत नाही. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्या रांगांत उभे राहिलेले असेल, तर पुढचे त्यांनाच सांगू द्यावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. सहलीनंतर निबंध लिहावयास सांगू नये. कोठे चढलो, किती वेळ थांबलो, किती पैसे पडले, एवढे एका पानावर मांडून घ्यावे. पुढची सहल मुलांनीच आखावी. चोडण बेटावर १९८८ मध्ये घोषित झालेले सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून बोट सुटते आणि पलीकडे उतरल्यावर अभयारण्याचे प्रवेशद्वार जवळच आहे. थंडीच्या दिवसांत स्थलांतर करून आलेले पक्षी तेथे दिसतात; सकाळची पहिली बस धरावी.