घाट, सारा आणि सहकार
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



काशीच्या संकठा घाटाच्या एका बाजूस शिंदे घाट आहे. दुसऱ्या बाजूस थोड्या अंतरावर भोसले घाट. जवळच अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये पुन्हा उभारलेले विश्वनाथाचे मंदिर. गंगेचा हा काठ मराठी दौलतींच्या दानाने सजला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु दानाने घाट उभा राहतो. प्रदेशाचे दैन्य हटत नाही. ते कायदा, न्यायालय आणि महसूलव्यवस्था कशी आहे यावर ठरते.

याच काशी प्रांतात कंपनी सरकारने 1795 मध्ये कायमधारा लागू केला. जमीनदाराचा सरकारी भरणा कायमचा ठरला. कुळाच्या खंडाला मात्र तसे बंधन नव्हते. विहीर खणून पीक वाढले, तर लाभ कोणाचा, हे कुळाला ठाऊक होते. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांना 2005 मधील अभ्यासात असे आढळले, की स्वातंत्र्यानंतरही पूर्वीच्या जमीनदारी जिल्ह्यांत शेतीतील गुंतवणूक आणि उत्पादकता इतर जिल्ह्यांहून कमी राहिली.

मग आपल्या रयतवारी मुलखात सुबत्ता नांदली का? तसेही झाले नाही. 1836 मध्ये इंदापुरात मोजणी होऊन 30 वर्षांसाठी सारा ठरला. जमीन रयतेच्या नावावर लागली, तशीच ती गहाणही पडू लागली. सावकाराच्या हाती कर्जरोखा आणि पाठीशी दिवाणी न्यायालय! 1875 मध्ये सुपे येथे उठलेल्या रयतेने ते रोखेच जाळले. 1879 च्या कायद्याने न्यायाधीशास कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. 1950 मध्ये तेथे गाळप सुरू झाले. कर्जदार शेतकरी भागधारक झाला. मात्र जेथे वार्षिक सभा नावापुरती उरली, तेथे सहकारातही मूठभरांचेच राज्य आले.

आपली शाळाही संस्थाच आहे. आज आपण उदार हस्ते देणग्या देत आहात. त्यातून नवी इमारत उभी राहील. पण शाळा टिकेल ती हिशेब उघडा ठेवणाऱ्या कार्यकारिणीमुळे आणि सभेला येऊन प्रश्न विचारणाऱ्या सभासदांमुळे. देणगीची पावती अवश्य जपा. पुढच्या वार्षिक सभेची तारीखही लिहून ठेवा.